बारावीनंतर मास कॉम: फी भरण्याआधीपासून पदवी हातात पडेपर्यंत

खासगी विद्यापीठात मास कॉमला, म्हणजे पत्रकारिता आणि माध्यमांच्या पदवीला, प्रवेश घेताना आपण नेमकं कशाचे पैसे मोजतोय, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. इमारत बघितली जाते, काचेआडचा स्टुडिओ बघितला जातो, समुपदेशक गोड बोलतात आणि वडील चेकबुक काढतात. थिअरी पुस्तकातून शिकता येते, बातमी लिहायला वही पुरते. खरे पैसे जातात ते दोन गोष्टींसाठी: कॅमेरा, माइक आणि एडिटिंगचं मशीन आपल्या हातात मिळण्याचे तास, आणि आपल्या कामावर लाल पेन चालवणारा शिक्षक. पुढचं सगळं मी याच हिशोबाने सांगणार आहे.

आधी विद्यापीठाची कुंडली बघा

मराठवाड्यात खासगी विद्यापीठ म्हटलं की छत्रपती संभाजीनगरचं एमजीएम विद्यापीठ आठवतं. ते २०१९ मध्ये राज्याच्या कायद्याने स्थापन झालं. पत्रकारितेचे वर्ग तिथे त्याआधीपासून, महाविद्यालय असल्यापासून चालतात. बाकी आपली बरीच मुलं पुण्याची गाडी पकडतात. तिथली एमआयटी वर्ल्ड पीस आणि विश्वकर्मा ही राज्याच्या कायद्याने झालेली खासगी विद्यापीठं आहेत. सिम्बायोसिस मात्र अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे त्याला १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खाली केंद्राने दर्जा दिलेला आहे. हा फरक माहीत असावा, कारण शासनाच्या योजनांमध्ये या दोन्ही प्रकारांचा उल्लेख वेगवेगळा येतो.

यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांची यादी असते आणि बोगस विद्यापीठांचीही असते. दोन्ही उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरं, खासगी विद्यापीठाला बाहेरची महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत, असं यूजीसीचे २००३ चे नियम सांगतात. तेव्हा तालुक्याच्या गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन कोणी ‘अमक्या खासगी विद्यापीठाची पदवी इथेच मिळेल’ म्हणत असेल, तर चहा पिऊन उठा. छत्तीसगडमध्ये २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली होती. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातल्या तरतुदीच रद्द केल्या आणि मुलं लटकली.

पदवीचं पूर्ण नावही विचारून घ्या. माहितीपत्रकात ‘मीडिया’ असतं आणि गुणपत्रिकेवर भलतंच काही छापून येतं, असं व्हायला नको. पुढे सरकारी जाहिरातीत पत्रकारितेतल्या पदवीची अट असली की कागदावरचं हेच नाव तपासलं जातं.

कॅमेऱ्याचे तास मोजा

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. थिअरीत एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकात ३० तास. म्हणजे दोन क्रेडिटचा कॅमेऱ्याचा पेपर असेल तर एका सत्रात ६० तास व्हायला हवेत.

आता गणित करा. वर्गात ६० मुलं आहेत आणि चालू स्थितीतले कॅमेरे ४ आहेत. सगळा वर्ग एकदम स्टुडिओत कोंबला तर ६० तासांत चार कॅमेऱ्यांचे मिळून २४० तास होतात, वाट्याला येतात माणशी चार. अख्ख्या सत्रात चार तास! हाच वर्ग १५-१५ च्या चार बॅचमध्ये फोडला आणि प्रत्येक बॅचला पूर्ण ६० तास दिले, तर माणशी सोळा तास पडतात. कॅमेरे तेच, फी तीच, शिक्षण चौपट. म्हणून विद्यापीठ बघायला गेलात की ‘स्टुडिओ आहे का’ एवढ्यावर थांबू नका. बॅच कितीची असते, आणि प्रात्यक्षिकाला कॅमेरे किती निघतात, हे विचारा.

मग विचारा की साहित्य देण्याघेण्याचं रजिस्टर बघायला मिळेल का. प्रत्येक विभागात ते असतं. कोणत्या तारखेला कोणत्या वर्षाच्या मुलाने काय नेलं आणि कधी परत केलं, याच्या नोंदी त्यात असतात. पानं भरलेली, कोपरे मळलेले असतील तर विभाग चालू आहे. रजिस्टर कोरं असेल किंवा ‘सर बाहेर गेलेत’ असं उत्तर आलं, तर काचेआडचा स्टुडिओ पाहुण्यांसाठी आहे असं समजा. कॅमेरा रात्रभर किंवा रविवारी बाहेर नेता येतो का, डिपॉझिट किती, एडिटिंग लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, लाइट गेल्यावर बॅकअप आहे का, हेही त्याच दमात विचारून घ्या.

समुपदेशकाच्या खोलीतून बाहेर पडा आणि कॅन्टीनपाशी दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी गाठा. ‘मागच्या महिन्यात काय शूट केलंस? दाखव ना मोबाइलवर.’ दाखवायला काही निघालं तर उत्तर मिळालं. पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हेही त्याच्याकडूनच खरं कळेल. बाहेरून येणारे पत्रकार शिकवतात ते चांगलंच, पण बातमी लागली की ते तास बुडवतात, त्यांचाही इलाज नसतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक विचारायचं: शिकवणार कोणत्या भाषेत, आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येईल का. काही ठिकाणी वर्गात मराठी आणि पेपर इंग्रजीत असा प्रकार असतो. तो परीक्षेच्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

ही सगळी तुलना सरकारी विद्यापीठाशीही करा. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं माध्यमशास्त्र संकुल आहे. तिथली फी फारच कमी असते. कोणत्याही विषयात तीन वर्षांची साधी बी.ए. करून मग पत्रकारितेत एम.ए. करणं हा रस्ता अजूनही चांगला चालतो, आणि अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन आलेला मुलगा डेस्कवर कधीकधी मास कॉमवाल्याला भारी पडतो. खासगी विद्यापीठ तास देत नसेल, तर तिकडे जाण्याचं कारणच उरत नाही.

पैशांचं

पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून निर्णय घेऊ नका. तिन्ही वर्षांची फी, दरवर्षीची वाढ, परीक्षा शुल्क, डिपॉझिट, होस्टेल, मेस, अभ्यासदौरा हे सगळं लेखी मागा आणि बेरजेला १२० ने भागा. एक क्रेडिट केवढ्याला पडतं ते कळलं की बुडवलेल्या तासाची किंमतही कळते.

शिष्यवृत्तीबाबत गावाकडे अर्धवट माहिती पोहोचते. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, योजना बऱ्याच आहेत, पण ज्या योजनेच्या भरवशावर आहात तिचा शासन निर्णय काढून वाचा आणि त्यात खासगी व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत का ते बघा. मुलींच्या शंभर टक्के शुल्कमाफीचा २०२४ चा निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीभूत प्रवेशांसाठी आहे, खासगी विद्यापीठं त्यात धरलेली नाहीत. पारावर मात्र ‘पोरींना आता सगळं फुकट’ एवढंच ऐकू येतं. विद्यापीठाची स्वतःची सवलत असेल तर ती पहिल्याच वर्षापुरती की तिन्ही वर्षं, आणि किती टक्क्यांच्या अटीवर, हेही लेखी घ्या.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं आणि हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. पण माझं स्पष्ट मत आहे: या पदवीसाठी जमीन विकू नका, आणि कर्ज काढलंच तर बेताचं काढा. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवातीला जो पगार मिळतो त्यात खोलीभाडं, पेट्रोल आणि मोठा हप्ता असं तिन्ही बसत नाही.

प्रवेश घेतला आणि मन बदललं तर? यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पे दिले आहेत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलात तर पूर्ण रक्कम मिळते, त्यातून फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. त्यानंतर तारखेआधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि पुढे काहीच नाही. काही वर्षी यूजीसी याहून सैल परिपत्रक काढते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण फी परत करायला सांगितलं होतं. त्या त्या वर्षीचं परिपत्रक मोबाइलमध्ये ठेवा. मूळ टी.सी. आणि गुणपत्रिका तपासून लगेच परत द्यायच्या असतात, त्या अडकवून ठेवता येत नाहीत. कोणी ‘फी पूर्ण भरा, मग कागद न्या’ म्हणालं तर अर्ज लिहून त्यावर पोच घ्या. विद्यापीठात तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असणं बंधनकारक आहे.

कागदपत्रं नेहमीचीच: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टी.सी., आधार, रहिवासी, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, एखादं वर्ष मध्ये गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

पहिलं वर्ष: बोटं, डोळे आणि जुन्या फायली

पहिल्या महिन्यात मराठी टायपिंग शिका, युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. उच्चारानुसार टाइप करायची सवय लागली तर पुढे वेग अडतो. इंटर्नशिपला गेल्यावर साहेब तुमची थिअरी विचारणार नाहीत, ‘ही प्रेस नोट वीस मिनिटांत करून दे’ म्हणतील. काही ठिकाणी श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, तेव्हा जोडाक्षरं तुटतात. तो मजकूर डोळ्यांखालून घालायची सवय ठेवा.

थिअरीला मुलं कंटाळतात, कारण ती अमेरिकेतली उदाहरणं पाठ करतात. अजेंडा सेटिंगचंच घ्या. मॅककोंब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीवेळी चॅपल हिल इथे अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. माध्यमं ज्या विषयाला जागा देतात तो विषय लोकांना महत्त्वाचा वाटू लागतो, हे त्याचं सार. आता एप्रिल २०१६ आठवा, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तो महिना. जिल्हा ग्रंथालयात जाऊन एका दैनिकाच्या फायली काढा. रेल्वे येण्याआधीच्या सहा महिन्यांत पाण्याची बातमी पहिल्या पानावर कितीदा आली आणि रेल्वे आल्यानंतरच्या एका महिन्यात कितीदा, हे मोजून तक्ता करा. हा आशय विश्लेषणाचा प्रकल्प होतो, परीक्षेत उत्तर होतं आणि मुलाखतीत बोलायला विषय होतो.

इतिहासाच्या पेपरातही तेच. १८३२ चं ‘दर्पण’ आणि बाळशास्त्री जांभेकर सगळ्यांना पाठ असतात. अनंत भालेराव आणि दैनिक ‘मराठवाडा’ यांच्याबद्दल आपल्याच मुलांना चार ओळी सांगता येत नाहीत. हैदराबाद मुक्तिसंग्राम, विद्यापीठाचा नामांतर लढा आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे त्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत कसं छापलं गेलं ते बघा. परीक्षकाला हे वाचायला मिळत नाही, त्यामुळे गुणही बरे पडतात.

एक बातमी, मोंढ्यातून

दुसऱ्या वर्षी रिपोर्टिंगचा पेपर येतो. त्याची तयारी गावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, करा. समजा, सोयाबीनचा हंगाम आहे. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुलं असा इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, लिहितात: ‘येथील बाजार समितीत सोयाबीनची मोठ्या प्रमाणात आवक झाली असून शेतकऱ्यांमध्ये नाराजीचे वातावरण पसरले आहे.’ मोठ्या प्रमाणात म्हणजे किती? नाराज कोण, त्याचं गाव कोणतं? वातावरण काही आडतीवर दिसत नाही.

सकाळी सौदा सुरू होण्याआधी पोहोचा. बाजार समितीच्या कार्यालयातून कालची आवक आणि किमान-कमाल दर लिहून घ्या. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, तसा त्या वर्षीचा आकडा खिशात ठेवा. मग एखाद्या शेतकऱ्याला ‘कसं वाटतंय’ असं विचारू नका. ‘पट्टी दाखवता का, मामा?’ म्हणा. त्या कागदावर वजन, दर, हमाली, तोलाई आणि हातात पडलेली रक्कम, सगळं असतं. ओलाव्यापोटी काही कापलं असेल तर मॉइश्चर मशीनने किती दाखवलं ते विचारा आणि मापाड्यालाही विचारा. आडत्याची बाजू घेतल्याशिवाय निघायचं नाही.

आता इंट्रो असा होईल (आकडे सरावाचे आहेत): ‘हमीभाव ५,३२८ रुपये, शनिवारी मोंढ्यात सौदा थांबला ४,३०० वर. बारा क्विंटल सोयाबीन घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली-तोलाई वजा जाता ५१,००० रुपये उरले.’ नाराजी शब्द न वापरता कळते.

हीच बातमी व्हिडिओत करायची असेल तर प्रत्येक फ्रेम किमान दहा सेकंद न हलवता धरा. शेडचा वाइड, पोत्यावरचा हात, मशीनचा आकडा, पट्टीचा क्लोजअप. पट्टीवरचं नाव आणि खाते क्रमांक बोटाने झाका. बाइट, म्हणजे माणसाचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं, घेताना कॉलर माइक वापरा, नाहीतर हमालांच्या आरोळ्यांत माणसाचं बोलणं बुडतं. पण त्या आरोळ्याही वेगळ्या अर्धा मिनिट रेकॉर्ड करून आणा, एडिटिंगला त्यांच्यावाचून जीव येत नाही. विद्यापीठाचा कॅमेरा मिळाला नाही तर मोबाइल आणि तीन पायांचा स्टँड पुरेल. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि आवाजासाठी ऑडॅसिटी यांवर काम भागतं.

माध्यम कायद्याचा पेपर रट्टा मारून सोडू नका. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड होईल असं काही छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, मूल असेल तर पॉक्सोचं (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ लागतं. नाव न देता गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा दिला तरी छोट्या गावात ओळख पटते. बदनामी आता कलम ३५६ मध्ये आहे. यूट्यूब चॅनलवाल्यालाही हे सगळं लागू पडतं.

इंटर्नशिप आणि पोटापाण्याचं

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मोठ्या वाहिनीच्या मुंबई ऑफिसात जाऊन महिनाभर टिकर (पडद्याखाली सरकणाऱ्या बातम्या) बघत बसण्यापेक्षा जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बसा. तिथे माणसं कमी असतात, म्हणून काम मिळतं. जिल्हा माहिती कार्यालय हाही चांगला पर्याय आहे, प्रशासनाची भाषा आणि माणसं दोन्ही कळतात. आवाज बरा असेल तर आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. परभणी, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, बीड, धाराशिव इथे केंद्रं आहेत. लेखी आणि आवाजाची चाचणी असते. आपल्याकडे बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो. घरी तसंच बोला, पण माइकसमोर प्रमाण उच्चार जमायला हवा, आणि तो सरावाने दोन-तीन महिन्यांत जमतो.

एक कडू गोष्ट. तालुका पातळीवर बऱ्याच ठिकाणी वार्ताहराला पगार नसतो, बातमीमागे मानधन असतं, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिराती गोळा कराव्या लागतात. हे माहीत असून जायचं असेल तर जा. दुसरीकडे वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्या, लातूरचे क्लासेस, रुग्णालयं, साखर कारखाने यांना चांगलं मराठी लिहिणारी आणि व्हिडिओ करणारी माणसं लागतात. जनसंपर्काच्या पेपरकडे नाक मुरडू नका.

पदवीच्या काळातच एक माहिती अधिकाराचा अर्ज करून बघा. शुल्क १० रुपये, विषय एकच, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘माझ्या गावात मागच्या उन्हाळ्यात टँकरच्या किती खेपा मंजूर झाल्या आणि किती झाल्या’ असं नेमकं विचारा, सोबत नोंदवहीची प्रत मागा. उत्तर आलं तर बातमी होते. न आल्यास पहिलं अपील कसं करतात तेही शिकता.

शेवटचं वर्ष

पाचव्या सत्रापासून पोर्टफोलिओ लावा. सात-आठ कामं पुरेत: दोन बातम्या, एक दीर्घ लेख, दोन व्हिडिओ, एक ऑडिओ, एक मुलाखत, एखादी जाहिरात किंवा मोहीम. गणेशोत्सवाचे ड्रोन शॉट प्रत्येकाकडे असतात, ते वगळा.

चौथं वर्ष करायचं का? १६० क्रेडिट झाले की ऑनर्स मिळते आणि पुढे एम.ए. एका वर्षात होऊ शकते. संशोधन किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तरच थांबा. एरवी तीन वर्षांवर बाहेर पडून नोकरी धरा, किंवा एम.ए.ला संभाजीनगर, नांदेड अथवा पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) गाठा. अमरावतीला आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही आहे.

बाहेर पडण्याआधी लॅबमधलं सगळं फुटेज स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवा, सुट्टीत मशीन फॉरमॅट होतात आणि तीन वर्षांचं काम जातं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सवर (मिळवलेल्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यावर) सगळी सत्रं चढली आहेत का ते डिजिलॉकरमध्ये बघा. चढली नसतील तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या. ट्रान्सक्रिप्ट आणि मायग्रेशन एकाच खेपेत काढून घ्या. आणि पहिल्या वर्षी भरलेल्या डिपॉझिटची पावती शोधून ठेवा, ती रक्कम मागितल्याशिवाय सहसा परत येत नाही.